अ‍ॅनिमे मालिका रंगात येऊन मधेच भरकटते तेव्हा: कारण कसं ओळखायचं आणि त्याऐवजी काय बघायचं

मालिका सुरुवातीला अशी पकड घेते की समोरचं ताट गार होतं. मग शंभराव्या भागाच्या आसपास कुठेतरी गाडं अडतं. खलनायक समोर उभा आहे, नायकानं मूठ वळली आहे, आणि भागामागून भाग कुणाच्या तरी लहानपणच्या आठवणी चालल्या आहेत. किंवा बारा भाग झाले, खरी गोष्ट आत्ता कुठे सुरू होणार, तर मालिकाच संपली. किंवा शेवट असा आला की आधीचं सगळं कशासाठी बघितलं, असं वाटावं.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या घरी शनिवारी रात्री भाचेमंडळी, शेजारची पोरं आणि विद्यापीठाजवळ खोली घेऊन राहणाऱ्या काही मुली एकत्र बसून जपानी कार्टून मालिका म्हणजे अ‍ॅनिमे बघतात. त्यामुळे ही तक्रार माझ्याकडे सतत येते. मोठा भाचा ‘नारुतो शिप्पूडेन’मध्ये अडकला होता तेव्हा म्हणाला, "मावशी, लढाई सुरू होऊन किती दिस झाले, आन् ह्ये सगळे नुसतं जुनं आठवत बसल्यात. बघू का सोडू?" प्रश्न साधा वाटतो, पण पाचशे भागांची मालिका म्हणजे दीडशे तासांहून जास्त वेळ. शाळा-कॉलेज, क्लास, पोटापाण्याचं काम सांभाळून माणूस एवढा वेळ देतो, तेव्हा त्याला नीट उत्तर मिळायला हवं.

आपल्याकडे खासबागेच्या मैदानात कुस्ती निकाली हवी असते. दोन पैलवान नुसती खडाखडी करत राहिले की लोक बसल्या जागेवरून ओरडायला लागतात, आणि बरोबरीत सोडवलेल्या जोडीची चर्चा घरी जाताना कुणी करत नाही. गोष्टीकडूनही माझी तीच अपेक्षा आहे. हरू दे, जिंकू दे, पण पाठ लागली पाहिजे. अ‍ॅनिमेमध्ये ती लागत नाही तेव्हा दोष बहुतेक वेळा लेखकाच्या कल्पनाशक्तीचा नसतो. मूळ गोष्ट आणि प्रसारणाचं वेळापत्रक यांचा मेळ बसलेला नसतो. हे एकदा कळलं की कुठली मालिका कुठे दगा देईल याचा अंदाज आधीच येतो.

पुढे कुठल्याही मालिकेचा शेवट फोडलेला नाही.

सुरू करण्याआधी काय तपासायचं

गोष्ट कुठून आली आहे ते पाहा: मंगावरून म्हणजे जपानी कॉमिकवरून, कादंबरीवरून, की थेट अ‍ॅनिमेसाठीच लिहिली आहे. मंगा किंवा कादंबरीवरून असेल तर अ‍ॅनिमे बनत असताना मूळ गोष्ट संपली होती का, हे बघा. आणि मालिका वर्षभर दर आठवड्याला अखंड चालली, की बारा-तेरा किंवा चोवीस-पंचवीस भागांच्या सीझनमध्ये आली, तेही बघा. ही माहिती कुठल्याही मालिकेच्या पानावर पाच मिनिटांत सापडते, शेवट कळायची भीती न ठेवता. भारतात एकाच मालिकेचे वेगवेगळे सीझन कधीकधी वेगवेगळ्या ठिकाणी असतात, आणि हिंदी डब पहिल्या सीझनलाच असतो. तेवढंही तपासून घ्या, नाहीतर मधेच आवाज बदलल्याचा वेगळा त्रास होतो.

लक्षण पहिलं: गोष्ट पुढे सरकतच नाही

सगळ्यात जास्त माणसं इथे गळतात, म्हणून याबद्दल सविस्तर.

साप्ताहिक मंगाचं एक प्रकरण साधारण वीस पानांचं असतं. अ‍ॅनिमेचा एक भाग वीस-बावीस मिनिटांचा. एवढ्या वेळात दोन-तीन प्रकरणं सहज खर्च होतात. दोन्ही दर आठवड्याला येत राहिले तर अ‍ॅनिमे मंगाला गाठणारच. गाठलं की निर्मात्यांपुढे दोन वाटा उरतात. एक म्हणजे मंगात नसलेली कथा मधे घालायची, ज्याला सगळे फिलर म्हणतात. दुसरी म्हणजे आहे तेच ताणायचं.

‘नारुतो’नं पहिली वाट घेतली. मूळ मालिका २००२ ते २००७ अशी २२० भागांची. १३५ व्या भागापर्यंत ती सलग बघावी अशी आहे. १३६ पासून पुढे जवळजवळ सगळे भाग फिलर आहेत. म्हणजे १३५ नंतर थेट २२० वा बघा आणि ‘शिप्पूडेन’ सुरू करा. काहीही अडणार नाही. ‘शिप्पूडेन’चे ५०० भाग आहेत आणि त्यात फिलर ठिकठिकाणी विखुरलेत, महायुद्ध ऐन भरात असतानाही. तिथे फिलरची यादी समोर ठेवूनच बसायचं. भाच्याला मी हेच सांगितलं: सोडू नकोस, पण यादीत नसलेलेच भाग बघ.

‘ब्लीच’मध्ये हा प्रकार आणखी उघड दिसतो. ६३ व्या भागाला सोल सोसायटीची कथा संपते. माझ्या मते लढाईच्या अ‍ॅनिमेमधला तो सर्वोत्तम टप्प्यांपैकी एक आहे. लगेच ६४ ते १०९ बाउंट नावाच्या लोकांची कथा येते, जिचा मंगाशी संबंध नाही. ती पूर्ण वगळून ११० वर जा. पुढे १६८ ते १८९ मध्ये तर शत्रूच्या गढीत लढाई अर्धवट सोडून भलतीच कथा सुरू होते, आणि १९० ला पुन्हा आपण त्याच लढाईत येऊन पडतो. ज्यांनी हे दर आठवड्याला वाट बघत सोसलं त्यांच्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. ३६६ भागांनंतर मालिका २०१२ मध्ये थांबली, आणि मंगाचा शेवटचा टप्पा ‘थाउजंड-इयर ब्लड वॉर’ या नावानं ऑक्टोबर २०२२ पासून सीझनच्या पद्धतीनं येऊ लागला. दोन्ही लागोपाठ बघितलं की वेळापत्रक बदलल्यावर तीच गोष्ट किती घट्ट होते ते डोळ्यांना दिसतं.

दुसरी वाट, ताणण्याची, ‘वन पीस’ची. ऑक्टोबर १९९९ पासून चालू असलेली ही मालिका, भाग अकराशेच्या पुढे. फिलर तुलनेनं कमी आहेत, पण ड्रेसरोझाचा टप्पा घ्या: मंगाची १०२ प्रकरणं आणि अ‍ॅनिमेचे ११८ भाग. एका भागाला एक प्रकरणसुद्धा नाही. मग प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो, कालचं पुन्हा दाखवतात, धावणारा माणूस धावतच राहतो. शंका असेल तर घड्याळ लावून बघा. शीर्षकगीत आणि मागच्या भागाची उजळणी वजा करा आणि नवीन गोष्ट किती मिनिटं मिळाली ते मोजा. उपाय एकच. सुरुवातीचे टप्पे अ‍ॅनिमेमध्ये बघा, त्यांचा वेग चांगला आहे. ड्रेसरोझाला आलात की तेवढा टप्पा मंगात वाचा आणि पुन्हा अ‍ॅनिमेवर या. ‘वन पीस’ मी कुणालाच सोडायला सांगत नाही. मैत्रीबद्दल आणि स्वातंत्र्याबद्दल इतक्या मनापासून बोलणाऱ्या मालिका थोड्या आहेत.

टीव्हीवर ‘ड्रॅगन बॉल झेड’ बघून मोठ्या झालेल्यांना नामेक ग्रहाची पाच मिनिटं आठवत असतील. ग्रह पाच मिनिटांत फुटणार म्हणून खलनायक फ्रीझा सांगतो आणि ती पाच मिनिटं कितीतरी भाग चालतात. लहान भावंडांना तीच गोष्ट दाखवायची असेल तर २००९ मध्ये आलेलं ‘ड्रॅगन बॉल काई’ दाखवा. जुन्याच मालिकेची काटछाट करून बनवलेली ही आवृत्ती सेल या पुढच्या खलनायकाच्या कथेच्या शेवटापर्यंत शंभर भागांच्या आत पोचते. ‘झेड’ला तिथवर जायला १९० हून अधिक भाग लागतात.

आणि हे काहीच करायचं नसेल, लांबलचक साहस हवं पण एकही भाग वगळायची कटकट नको, तर ‘हंटर × हंटर’ची २०११ ची आवृत्ती. १४८ भाग, फिलर नसल्यातच जमा. मंगा अजून अपुरी आहे आणि मधे मोठमोठ्या सुट्ट्या घेत येते, पण अ‍ॅनिमे जिथे थांबते तिथे मुख्य पोराचा शोध पूर्ण होतो. चुकून १९९९ ची जुनी मालिका लावू नका, नव्यानं बघणाऱ्यानं २०११ चीच घ्यायची.

लक्षण दुसरं: शेवट गुंडाळला

अ‍ॅनिमे मंगाच्या पुढे गेली म्हणून शेवट स्वतःचा रचावा लागला, असं होतं तेव्हा मी निर्मात्यांना दोष देत नाही. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ची २००३ ची ५१ भागांची मालिका तशीच आहे. मंगा चालू होती, त्यांनी वेगळी वाट धरली, आणि ती वाट विचारपूर्वक धरलेली होती. २००९ मध्ये ‘ब्रदरहूड’ नावानं ६४ भागांत हिरोमू अराकावा यांची मूळ कथा पूर्ण सांगितली गेली. कुठली बघू असं विचारणाऱ्याला मी ‘ब्रदरहूड’ सांगते. त्यातले पहिले दहा-बारा भाग घाईत वाटतील, कारण तो टप्पा आधीच्या मालिकेत येऊन गेला होता. तेवढा धीर धरा. दोन भाऊ, एक चूक आणि तिची किंमत, एवढ्या सूत्रावर उभी राहिलेली ही गोष्ट ६४ व्या भागाला जशी मिटते तसं मिटणं फार कमी मालिकांना जमलंय.

‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’चं मात्र मला आजही दुःख आहे. २०१९ च्या पहिल्या सीझनमध्ये १२ भागांत मंगाची पहिली ३७ प्रकरणं आली, आणि काय आली! अनाथाश्रमातली ती तीन हुशार पोरं, ती आई, ती भिंत. आमच्या घरात एरवी गप्पा मारत बघणारी मंडळी हे बघताना चिडीचूप होती. २०२१ च्या दुसऱ्या सीझनमध्ये ११ भागांत उरलेली १४४ प्रकरणं उरकली. गोल्डी पॉन्डचा अख्खा टप्पा गायब, आणि शेवटाकडे तर स्थिर चित्रं दाखवून वर्षांचा प्रवास संपवला. इथे मंगा संपायची वाट बघण्याचं कारणही नव्हतं, ती २०२० मध्येच पूर्ण झाली होती. त्यामुळे उपाय सरळ आहे. पहिला सीझन बघा, दुसऱ्याला हात लावू नका, मंगा ३८ व्या प्रकरणापासून वाचा. एकूण २० खंड आहेत.

हीच हुरहूर लावणारी, बुद्धीची झटापट असलेली, पण शेवटापर्यंत पोचणारी मालिका हवी असेल तर ‘मॉन्स्टर’. नाओकी उरासावा यांच्या मंगावरून २००४-०५ मध्ये आलेले ७४ भाग, गोष्ट जर्मनीत घडते. एका डॉक्टरनं वाचवलेला मुलगा पुढे काय निघाला आणि त्याची जबाबदारी कुणाची, एवढाच प्रश्न. वेग संथ आहे, पण ताणलेला नाही, आणि हा फरक वीस भागांत कळतो. ‘डेथ नोट’च्या ३७ पैकी २५ व्या भागानंतर ज्यांचा रस कमी झाला, आणि तसे खूप जण आहेत, त्यांनाही मी हीच देते. एवढी लांब नको असेल तर २०११ ची ‘स्टाइन्स गेट’, २४ भाग. पहिले दहा-अकरा भाग काहीच घडत नाही असं वाटेल. पण तिथे सांगितलेली प्रत्येक बारीकसारीक गोष्ट पुढे कामाला येते, म्हणून एकही वगळू नका.

लक्षण तिसरं: गोष्ट सुरू होते आणि मालिका संपते

आता बहुतेक मालिका तीन महिन्यांच्या, १२-१३ भागांच्या येतात. त्यामुळे फिलर जवळजवळ गेले, पण हे नवं दुखणं आलं. अ‍ॅनिमेचा पैसा बहुधा एक समिती घालते: मंगा किंवा कादंबरीचा प्रकाशक, संगीत कंपनी, वाहिनी, कधी खेळणी बनवणारे. त्यातल्या प्रकाशकाला अ‍ॅनिमेमुळे पुस्तकं खपली की त्याचा हेतू साधतो. पुढचा सीझन निघालाच पाहिजे असं बंधन कुणावर नसतं. बघणारा मात्र अर्ध्या वाटेवर उभा राहतो.

‘नो गेम नो लाइफ’ हे याचं ठसठशीत उदाहरण. २०१४ मध्ये १२ भाग आले, लोकांनी डोक्यावर घेतले, २०१७ मध्ये चित्रपट आला तोही आधीच्या काळातल्या कथेचा. भाऊ-बहिणीची गोष्ट जिथे थांबली तिथेच आहे. दुसऱ्या जगात जाऊन पडणाऱ्या नायकांच्या कितीतरी मालिकांचं हेच होतं, कारण त्यांच्या मूळ कादंबऱ्या लांबच लांब असतात.

यावर माझा नियम असा की वेळ कमी असेल तेव्हा थेट अ‍ॅनिमेसाठी लिहिलेली गोष्ट घ्यायची. तिला दुसरीकडे कुठे पूर्ण होण्याची सोयच नसते. २०१८ ची ‘अ प्लेस फर्दर दॅन द युनिव्हर्स’ घ्या. १३ भाग, चार शाळकरी मुली अंटार्क्टिकाला जातात. हे ऐकून मुलं नाकं मुरडतात, आणि बाराव्या भागाला त्यांचेच डोळे भरतात. किंवा २०२१ ची ‘ऑड टॅक्सी’. हीसुद्धा १३ भागांची. सगळी पात्रं प्राण्यांच्या रूपात, एक तुटक बोलणारा टॅक्सीवाला, एक बेपत्ता मुलगी. पहिल्या भागातलं गाडीतलं साधं बोलणं शेवटच्या भागात उलगडतं. रहस्यकथा लिहू पाहणाऱ्या प्रत्येकानं ती बघावी.

मंगावरची पण पूर्ण झालेली हवी असेल तर ‘मॉब सायको १००’. मंगा २०१७ मध्ये संपली, अ‍ॅनिमेचे तीन सीझन २०१६, २०१९ आणि २०२२ ला आले, आणि गोष्ट पुरी झाली. अफाट शक्ती असलेल्या पोराला ती शक्ती नकोच आहे. त्याला चांगला माणूस व्हायचं आहे. आठवी-नववीतल्या मुलांना मी सगळ्यात आधी हीच दाखवते.

‘अटॅक ऑन टायटन’बद्दल अजून लोक विचारतात की संपली का. ‘फायनल सीझन’ या नावाखाली डिसेंबर २०२० ते नोव्हेंबर २०२३ एवढा काळ काढला, म्हणून हा गोंधळ. आता ती पूर्ण आहे, निवांत बघा.

लक्षण चौथं: मनातलं कुणी बोलतच नाही

ही मुलींची तक्रार, आणि शंभर टक्के खरी. तो काहीतरी सांगणार, तेवढ्यात फटाके वाजतात, आगगाडी जाते, फोन येतो. असे सीझनवर सीझन. खोलीवरची एक मुलगी ‘रेंट-अ-गर्लफ्रेंड’ बघून वैतागली आणि म्हणाली, "ताई, एवढ्यात आमच्या गावात दोन लग्नं झाली, ह्यांचं अजून बोलणं न्हाई." विनोदी प्रेमकथेचा खप त्या न बोलण्यावरच चालतो, म्हणून मंगा चालू असेपर्यंत ते बोलणार नाहीत. तेव्हा मंगा संपलेली किंवा स्वतंत्र लिहिलेली प्रेमकथाच निवडा.

२०१७ ची ‘त्सुकी गा किरेई’ १२ भागांची आहे, थेट अ‍ॅनिमेसाठी लिहिलेली. दोन लाजरी शाळकरी मुलं, आणि ती खरंच बोलतात. शेवटच्या भागात श्रेयनामावली सुरू झाली तरी उठू नका. २००८ ची ‘तोराडोरा’ २५ भागांत हसवत नेऊन गोष्ट ठाम जागी सोडते. आणि ज्यांना घर, नाती, आईवडिलांनी दिलेल्या जखमा हे सगळं हवं आहे त्यांच्यासाठी ‘फ्रूट्स बास्केट’, पण २०१९ ते २०२१ ची. २००१ ची जुनी मालिका २६ भागांत अपुरी राहिली होती. नवीन ६३ भागांची आहे आणि संपूर्ण मंगा सांगते. जुन्या मालिकेची पुन्हा बनवलेली आवृत्ती आहे का, हे तपासायची सवय इथेही उपयोगी पडते.

लक्षण पाचवं: शूर मुलगी पहिल्या काही भागांपुरतीच शूर

‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’च्या पहिल्या कथेत असुना तलवार चालवण्यात कुणापेक्षा कमी नाही. दुसरी कथा सुरू झाली की तिला पिंजऱ्यात बसवतात आणि सुटकेची वाट बघायला लावतात, वर तिची विटंबनाही दाखवतात. ‘शिप्पूडेन’च्या सुरुवातीला साकुरा एक मोठी लढाई गाजवते, नंतर तिच्या वाट्याला बहुतेक काळजी करत उभं राहणं येतं. मला याचा मनस्वी राग येतो, कारण समोर बसून बघणाऱ्या मुली ते निमूट गिळतात. यावर वगळायची यादी चालत नाही, मालिकाच बदलावी लागते.

‘मोरिबितो: गार्डियन ऑफ द स्पिरिट’ बघा. २००७, २६ भाग, नाहोको उएहाशी यांच्या कादंबरीवरून. बाल्सा तीस वर्षांची भालाधारी बाई आहे, पैसे घेऊन लोकांचं रक्षण करते, आणि एका राजपुत्राला घेऊन तिला पळावं लागतं. ती थकते, जखमी होते, चिडते, पण तिची लढाई कुणी दुसरा लढत नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘द अपोथेकरी डायरीज’मधली माओमाओ तलवार न उचलता औषधं आणि विषं यांच्या ज्ञानावर राजवाड्यातली कोडी सोडवते. मूळ कादंबऱ्या चालू आहेत, पण बरीचशी प्रकरणं मालिकेतल्या मालिकेत निकाली निघत असल्यानं लटकल्यासारखं वाटत नाही.

थोडक्यात मिटणाऱ्या काही तक्रारी

‘द मेलन्कली ऑफ हारुही सुझुमिया’मध्ये २००९ साली आलेले ‘एंडलेस एट’चे आठ भाग जवळजवळ एकसारखे आहेत, कारण पात्रं एकाच काळात फिरत राहतात. पहिला, दुसरा आणि आठवा बघा, बाकी सोडा. ‘डीमन स्लेअर’चा ‘मुगेन ट्रेन’ चित्रपट बघितला असेल तर त्याच कथेचे टीव्हीचे सात भाग पुन्हा बघायची गरज नाही, फक्त त्यातला पहिला भाग नवा आहे. ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’चे २५ आणि २६ हे भाग कळले नाहीत म्हणून मालिका वाईट ठरवू नका. ते बघून मगच १९९७ चा ‘द एंड ऑफ इव्हँजेलियन’ लावा. चित्रपट आधी बघितला तर दोन्हींची गंमत जाते.

आणि ज्यांना आता मालिकेत अडकायचंच नाही, कामावरून दमून आल्यावर एक भाग बघून झोपायचं आहे, त्यांना ‘मुशिशी’. २००५ चे २६ भाग, प्रत्येक भागाची गोष्ट स्वतंत्र, गिंको नावाचा एक फिरता वैद्य सोडला तर पात्रंही बहुतेक नवीन. कुठूनही उचला, पण सुरुवात पहिल्या भागानं करा, आणि सबटायटल वाचायचा कंटाळा असलेल्या घरातल्या मोठ्या माणसांनाही शेजारी बसवा. आमच्याकडे आईला एकदा गोष्टीचं सूत्र सांगितलं की पुढचं ती चित्रांवरूनच समजून घेते.